बाहुलीला विचारलेले प्रश्न

अपंगत्वाविषयी मुलांना काही शिकवायचे ठरले की पुष्कळ शाळांमध्ये पहिल्यांदा सुचतो तो डोळ्यांवर पट्टी बांधून चालण्याचा खेळ. हेतू चांगला असला, तरी मला तो पटत नाही. पट्टी बांधलेले मूल त्या थोड्या वेळात फक्त अडखळायला आणि घाबरायला शिकते. पांढऱ्या काठीच्या टोकातून आणि आवाजांच्या दिशेवरून अंध व्यक्ती परिसर कसा ओळखते, याचा त्याला पत्ताही लागत नाही. अशा प्रयोगांनंतर समजुतीपेक्षा कीव आणि असहायतेची भावनाच वाढते, असे मानसशास्त्रातील अभ्यासांतही आढळले आहे.

त्यापेक्षा मला बाहुल्यांचा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. अमेरिकेत अपंग मुलांच्या शिक्षणाविषयीच्या १९७५च्या कायद्यानंतर ही मुले सर्वसाधारण शाळांमध्ये मोठ्या संख्येने येऊ लागली, तेव्हा बार्बरा आयेलो या विशेष शिक्षिकेने १९७७ साली ‘किड्स ऑन द ब्लॉक’ हा बाहुलीनाट्याचा उपक्रम सुरू केला. बुनराकू या पारंपरिक जपानी बाहुलीनाट्याच्या शैलीवर बेतलेल्या त्या मोठ्या बाहुल्यांमध्ये सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर मर्यादा आणणारी अवस्था) असलेला, व्हीलचेअर वापरणारा एक मुलगाही होता. प्रयोगानंतर प्रेक्षक मुलांनी बाहुल्यांनाच प्रश्न विचारायचे, ही त्यातली खरी युक्ती. खुर्चीतून पलंगावर कसा जातोस, तुला दुखते का, तुझ्याशी खेळल्यावर मलाही असे होईल का, हे प्रश्न मुलाच्या ओठांवर आले की मोठी माणसे त्याला गप्प करतात (खरे तर त्यांनाही तेच विचारायचे असते), आणि वर्गातल्या एखाद्या मुलाला सर्वांसमोर असे विचारणे हा त्याच्यावर अन्याय ठरतो. बाहुली मात्र दुखावली जात नाही. अर्थात तिची उत्तरे लिहिताना अपंग व्यक्तींचा सहभाग नसेल, तर ते पात्र बिचारे तरी होते, नाहीतर महापराक्रमी; त्याला खोड्या काढण्याची आणि खोटे बोलून पकडले जाण्याचीही मुभा हवी.

नृत्यात गोष्ट आणखी पुढे जाते. १९९१ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘कँडोको’ या नृत्यसंस्थेत अपंग आणि अपंग नसलेले नर्तक एकत्र काम करतात. मुलांच्या वर्गात हे तत्त्व सूचनेपासूनच सुरू करता येते. ‘दोन्ही पायांवर उडी मारा’ म्हटले की काही मुले आपोआप बाजूला पडतात. ‘जमिनीपासून दूर जायचा प्रयत्न करा’ म्हटले की कोणी उडी मारते, कोणी हात ताणते, तर कोणी फक्त नजर छताकडे नेते, आणि नृत्याला एरवी न सुचलेल्या हालचाली मिळतात. चित्रकलेतही स्पर्शाने वाचता येईल असे कोलाज सर्वांनी मिळून करता येते. दृष्टी गेल्यानंतर चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांनी कागदाची कोलाजे केली, हे मुलांना त्या वेळी जरूर सांगावे.

नाटकाची संहिता निवडण्याआधी मात्र मी मुलांच्या हाती मोजपट्टी देईन. रंगमंचाला केवळ पायऱ्या असतील, तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी या सर्वमान्य प्रमाणाने उतार किती लांब लागेल, सांकेतिक भाषेचा दुभाषी कुठे उभा राहिला म्हणजे मागच्या रांगेतूनही त्याचे हात दिसतील, याचा आराखडा नेपथ्य करणाऱ्या मुलांनीच काढावा.