आमची वाटचाल : आधी तार, मग मोडेम

चिपळूणमध्ये १९९९ साली आम्ही संगणक-दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा मोडेम, म्हणजे संगणकाला टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटशी जोडणारे यंत्र, ही आमच्या दृष्टीने विक्रीची एक किरकोळ वस्तू होती. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले होते आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांनाही परवानगी मिळाली होती. पण तालुक्याच्या गावातून सुरुवातीला पुण्या-मुंबईच्या नंबराला एसटीडी, म्हणजे परगावचा महागडा फोन, लावूनच इंटरनेटपर्यंत पोहोचावे लागे. पलीकडच्या मोडेमने फोन उचलला की एक्स्चेंजमध्ये आकारणी सुरू होई, मग दोन्ही मोडेमचे एकमेकांशी जमो किंवा न जमो. त्यामुळे लोटे-परशुरामच्या कारखान्यांतील हिशेबनीस, सनदी लेखापाल आणि आंबा निर्यात करणारे बागायतदार आमच्याकडे येत, ते बहुधा एका हातात मोडेम आणि दुसऱ्या हातात टेलिफोनचे बिल घेऊन.

आमच्या टेबलावर जोडले की यांतील बहुतेक मोडेम व्यवस्थित चालत. दोष यंत्रात नसून तारेत आहे हे त्यावरून उघड होते, आणि तार दुकानात आणता येत नाही. म्हणून आम्ही ग्राहकाच्या जागेवर जाऊन लाइन तपासण्याचे स्वतंत्र शुल्क लावले. नुसत्या तपासणीचे पैसे कोण देणार, असे या धंद्यातल्या अनेकांचे मत होते. आमची फर्म पुढे टिकली ती मात्र मुख्यतः याच उत्पन्नावर.

तपासणीचा क्रम आम्ही पहिल्यापासून ठरवून ठेवला. घरातील सगळे समांतर फोन काढायचे, खांबावरून घरात येणारी ड्रॉप वायर ज्या रोझेटमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या जोडणीच्या डबीत, शिरते तेथे आतले वायरिंग सोडवायचे आणि फक्त बाहेरच्या जोडीवर मल्टिमीटर लावायचा. फोन खाली ठेवलेला असताना ४८ ते ५० व्होल्टच्या आसपास डीसी दाब मिळाला पाहिजे, आणि फोन उचलल्यावर तो साधारण ६ ते १२ व्होल्टपर्यंत उतरला पाहिजे. फोन खाली असतानाच दाब चाळिशीच्या खाली आला असेल, तर वाटेत कोठेतरी ओल शिरून दोन तारांमध्ये गळती सुरू आहे असे समजावे. त्यानंतर साधा फोन जोडून एकच आकडा फिरवायचा. डायल टोन थांबतो आणि त्या शांततेत लाइनची खरी खरखर ऐकू येते. माणसाच्या बोलण्यात विरून जाणारी ही खरखर मोडेमला मात्र सहन होत नाही. एकसारखी घुमणारी ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू आली, तर एक तार कोठेतरी जमिनीला टेकली आहे किंवा इलेक्ट्रिशियनने टेलिफोनची तार विजेच्या पाइपातूनच ओढली आहे, हे जवळजवळ नक्की. येथवर सारे ठीक निघाले तर मोडेम थेट रोझेटवर जोडून पाहायचा: तेथे चालला तर दोष घरात, नाही चालला तर डीपीच्या, म्हणजे खांबावर तारा वाटणाऱ्या पेटीच्या, दिशेने.

मोडेमची स्वतःची परीक्षा हायपरटर्मिनलमधून, म्हणजे मोडेमला थेट आज्ञा टाइप करून देण्याच्या विंडोजमधील प्रोग्रॅममधून, होई. ‘एटीएच१’ ही आज्ञा दिली की मोडेम लाइन उचलतो. त्या वेळी मीटरवरचा दाब उतरला नाही, तर आतील रिले किंवा संरक्षक भाग जळला आहे. ‘६८०’ क्रमांकाची त्रुटी, म्हणजे डायल टोन न मिळणे, ही तक्रार मात्र कित्येकदा लाइन आणि मोडेम दोन्ही निर्दोष असताना येई, कारण आपल्याकडचा डायल टोन काही मोडेमना ओळखताच येत नसे. ‘एटीएक्स३’ दिल्यावर मोडेम टोनची वाट न पाहता नंबर फिरवू लागतो. कारखान्यांत ईपीएबीएक्स, म्हणजे स्वतःचे अंतर्गत एक्स्चेंज, असल्यामुळे नंबराआधी शून्य आणि एक स्वल्पविराम टाकावा लागे. तो स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंदांची विश्रांती, एवढे सांगितले की काम होई. जुन्या एक्स्चेंजवर टोनऐवजी पल्स डायलिंग निवडावे लागे.

वेगाबद्दल ग्राहकांची समजूत घालणे सर्वांत कठीण होते. खोक्यावर ५६ के, म्हणजे सेकंदाला ५६,००० बिट, लिहिलेले असताना ३३,६०० च्याही खाली जोडणी का होते, हा प्रश्न रास्तच होता. ५६ के मोडेमच्या व्ही.९० पद्धतीत सेवा देणाऱ्यापासून ग्राहकापर्यंतच्या वाटेत डिजिटलचे अ‍ॅनालॉग एकदाच व्हावे लागते. खेड्यातील छोटे एक्स्चेंज स्वतः डिजिटल असले, तरी त्याला जोडणारा दुवा अ‍ॅनालॉग असेल तर ते रूपांतर पुन्हा होते आणि ५६ के चा मार्गच बंद होतो. अशा ठिकाणी आम्ही मुद्दाम वेगाची मर्यादा २८,८०० वर आणत असू आणि सिग्नल तुटल्यावर मोडेमने किती वेळ थांबायचे हे ठरवणाऱ्या एस१० या रजिस्टरमधील (मोडेमच्या स्मृतीतील नोंदीतील) १४, म्हणजे १.४ सेकंद, हा आकडा वाढवत असू, म्हणजे क्षणभराच्या खरखरीने मोडेम फोन ठेवून देत नसे. तुटक वेगापेक्षा टिकणारी मंद जोडणी स्वस्त पडते, हे एसटीडीच्या बिलावरून ग्राहकाला पटे.

कोकणातील पावसाचा धडा वेगळाच. गुहागर-दापोलीच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढतो, आणि रोझेटमध्ये मुंग्या घर करतात. मेअखेरीच्या व परतीच्या पावसातल्या विजांनी बाहेरचा मोडेम जळताना सिरियल पोर्टमार्फत मदरबोर्डही जात असे. लाइनवर जादा दाब जमिनीत सोडणारी गॅस डिस्चार्ज ट्यूब बसवणे सोपे आहे, पण तिला चांगले अर्थिंग लागते आणि जांभ्या दगडाच्या जमिनीत ते सहजी मिळत नाही. खड्डा, कोळसा, मीठ आणि उन्हाळ्यात पाणी, एवढे सोपस्कार करावे लागतात. ज्यांना ते करायचे नसत, त्यांना आम्ही गडगडाट सुरू होताच विजेची आणि टेलिफोनची, अशा दोन्ही पिना काढून ठेवण्यास सांगत असू. विजेची पिन लोक आठवणीने काढत. टेलिफोनची हमखास राहून जाई.

प्रत्येक तपासणीनंतर आम्ही ग्राहकाला मोजमापांचा कागद देऊ लागलो: फोन खाली असतानाचा व उचललेला दाब, दोन तारांमधील आणि प्रत्येक तारेचा जमिनीशी असलेला रोध. ‘इंटरनेट चालत नाही’ या तक्रारीने लाइनमनला काहीच कळत नसे. ‘एक तार ओली आहे, दोष डीपीच्या पलीकडे आहे’ असे लिहिलेले असले, की तो थेट खांबावर चढे. आमच्या जाहिरातीवर आम्ही फारसा खर्च केला नाही. काम लाइनमनच पाठवत.

जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमाचे ब्रॉडबँड आले आणि डायल-अपची, म्हणजे नंबर फिरवून जोडायच्या इंटरनेटची, विक्री ओसरली, तरी तार तीच राहिली. एडीएसएल, म्हणजे त्याच टेलिफोनच्या तारेवरून चालणारे हे ब्रॉडबँड, तर खराब जोडाबाबत अधिकच नाजूक निघाले. राउटरच्या पानावर सिग्नल आणि गोंगाट यांतील अंतर ६ डेसिबलच्या खाली दिसले, की आम्ही पुन्हा रोझेट उघडून जुन्याच क्रमाने सुरुवात करत असू. फरक एवढाच, की आता प्रत्येक फोनच्या मागे आवाज आणि इंटरनेटचे सिग्नल वेगळे करणारा फिल्टर आहे का, हेही पाहावे लागे. दुकानांतील कार्ड स्वाइप करण्याची यंत्रे पुढेही बरीच वर्षे टेलिफोनवरून डायल करत होती, आणि त्यांच्या नादुरुस्तीची कामे जुन्या अनुभवामुळे आमच्याकडे येत राहिली.

आता बहुतेक काम फायबरचे आहे. मल्टिमीटरच्या जागी प्रकाशाची ताकद मोजणारा ऑप्टिकल पॉवर मीटर आला असून, ग्राहकाच्या टोकाला प्रकाशाची पातळी उणे २७ डीबीएमच्या (त्या ताकदीच्या एककाच्या) जवळ गेली की वाकलेली तार किंवा मळलेला कनेक्टर शोधावा लागतो. मोजमापांचा कागद देण्याची पद्धत चालू आहे. त्यावरचे रकाने तेवढे बदलले आहेत.