एपिड्युरल, 101.4 ताप आणि न रडलेलं बाळ

मी लहान मुलांची डॉक्टर, पुण्यात मुख्यतः नवजात बाळं बघते. त्या दिवशी संध्याकाळी लेबर रूममधून सिस्टरचा फोन, मॅडम लवकर या, पेशंटला 101.4 ताप आहे आणि बाळाचे ठोके 170 च्या वर चाललेत. पहिलटकरीण, दिवस पूर्ण भरलेले, सकाळपासून एपिड्युरल (कळांची वेदना कमी करायला कमरेतल्या सुईने दिलेलं औषध) चालू, दुपारपर्यंत नवऱ्याशी छान गप्पा मारत होती आणि मग अंग तापायला लागलं.

कळा चालू असताना ताप म्हटलं की पोटात गोळाच येतो, कारण गर्भपिशवीत इन्फेक्शन झालं असेल तर ते बाळापर्यंत जायला वेळ लागत नाही. पण दुसरी बाजू अशी की एपिड्युरल घेतलेल्या साधारण पाचातल्या एकीला 38 डिग्री सेल्सिअसच्या, म्हणजे 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप येतो आणि त्यातल्या बऱ्याच जणींना इन्फेक्शन नसतंच. एपिड्युरलने तापमान चढतं हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 1989 सालीच छापून आलंय, नेमकं कशामुळे यावर अजून काम चालू आहे, पण जंतू नसतानाही शरीरात इन्फ्लमेशन म्हणजे दाह वाढतो आणि तो दाखवणारं इंटरल्युकिन 6 हे प्रथिन रक्तात चढतं हे दिसलंय. आधीपासून अँटिबायोटिक दिलं तरी हा ताप टळत नाही, पॅरासिटामॉलनेही नाही. पहिलं बाळंतपण आणि लांबलेल्या कळा असतील तर जास्तच.

अडचण ही की पेशंटजवळ उभं राहिलं तर दोन्ही ताप सारखेच दिसतात. पांढऱ्या पेशी कळांमध्ये तशाही वाढतात, पोट दाबून दुखतंय का बघावं तर एपिड्युरल चालू असताना दुखणार कसं! हिचं पाणी जाऊन फार वेळ झाला नव्हता, पाण्याला वास नव्हता, तरी गायनॅक मॅडमनी अँपिसिलिन आणि जेंटामायसिन ही अँटिबायोटिक चालू केली. अगदी बरोबर केलं, अशा वेळी वाट बघत बसायचं नसतं.

बाळ आलं ते लुळं. रडेना. हाताला गरम लागत होतं, पोटातलं बाळ आईपेक्षा अर्धा ते एक डिग्री जास्तच गरम असतं. पुसलं, पाठ चोळली, काही नाही, मग बॅग-मास्कने श्वास द्यायला घेतला आणि मिनिटाभरात त्याने पाय झाडला आणि असं रडलं की सिस्टरच्या डोळ्यात पाणी आलं. पाच मिनिटांनी गुलाबी, हातपाय घट्ट. ताप असलेल्या आयांची बाळं सुरुवातीला अशी ढिली पडलेली जास्त बघायला मिळतात, इन्फेक्शन नसलं तरीही, म्हणून तर अशा वेळी लहान मुलांचा डॉक्टर आधीपासून हजर पाहिजे.

बाहेर आजी म्हणाल्या, मी सांगत होते ती कमरेतली सुई नको घेऊस म्हणून. दार उघडंच होतं, मुलीने ऐकलं आणि रडायलाच लागली. मला खरंच राग आला. मी म्हटलं, आजी, वेदना कमी करून घेणं हा तिचा हक्क आहे, आणि हा ताप ओळखून बाळाकडे लक्ष देणं हे आमचं काम आहे, तिला काही बोलू नका.

पुढचा प्रश्न, बाळाला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात न्यायचं का. आईचा ताप, पाणी जाऊन किती वेळ झाला हे सगळं घालून सेप्सिसचा (रक्तात पसरलेल्या इन्फेक्शनचा) धोका काढणारं कॅल्क्युलेटर अमेरिकेत बरंच वापरतात, पण आपल्याकडे क्लेब्सिएलासारखे जंतू जास्त, त्यामुळे मी आकड्यापेक्षा बाळाकडेच बघते. रक्ताचं कल्चर (जंतू वाढतात का बघायची तपासणी) पाठवलं, अँटिबायोटिक लगेच दिलं नाही, बाळाला आईच्या छातीवर ठेवलं आणि सिस्टरना सांगितलं की दर अर्ध्या तासाने श्वास, ठोके, रंग, तापमान लिहायचं, कण्हलं किंवा दूध ओढेना झालं तर मला लगेच उठवायचं. रात्रभर त्यांनी ते इतकं नीट केलं की त्या कागदावरच माझा सगळा निर्णय उभा होता. बाळाचं अंग दोन तासांत नॉर्मल, चीक व्यवस्थित ओढला. 48 तासांनी कल्चरमध्ये काहीही वाढलं नाही.

घरी जाताना तिने विचारलं, मॅडम, पुढच्या वेळी एपिड्युरल घेऊ की नको? मी म्हटलं, हवंसं वाटलं तर बिनधास्त घे, फक्त या वेळी ताप आला होता हे आधीच सांग आणि जिथे बाळाचा डॉक्टर रात्रीही हजर असतो तिथेच नाव नोंदव.