तुम्ही विचारलेत म्हणून: कॅनडाच्या परराष्ट्र इतिहासाशी माझे काय देणेघेणे

मंडळाच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत उभा असताना, किंवा मुलुंडला भावाकडे गेल्यावर, मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "तुम्ही इंजिनिअर माणूस. निवृत्त झाल्यावर विद्यापीठांत जाऊन कॅनडाच्या परराष्ट्र संबंधांवरची व्याख्याने कसली ऐकत बसता? आणि कॅनडाला स्वतःचे परराष्ट्र धोरण होते तरी कधी? आधी इंग्लंड सांगेल ते, मग अमेरिका सांगेल ते." प्रश्न थट्टेने विचारलेला असला, तरी त्याचा उत्तरार्ध अगदीच खोटा नाही, आणि म्हणूनच त्याचे उत्तर रांगेत उभ्या उभ्या देता येत नाही.

आधी उत्तरार्धाचे पाहू. १९१४ साली ब्रिटनने युद्ध पुकारले तेव्हा कॅनडा आपोआपच युद्धात गेला. त्याला कोणी विचारले नाही आणि विचारण्याची कायदेशीर गरजही नव्हती. १९२३ मध्ये हॅलिबट नावाच्या माशाच्या मासेमारीबद्दल अमेरिकेशी करार झाला, तेव्हा कॅनडाचे मंत्री अर्नेस्ट लापॉइंट यांनी ब्रिटिश राजदूताला बाजूला ठेवून एकट्याने सही केली. एका देशाचे परराष्ट्र धोरण माशापासून सुरू व्हावे, याचे मला कोकणी मनाने नेहमीच कौतुक वाटत आले आहे. पुढे ब्रिटिश संसदेच्या १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने ही मोकळीक कागदावर आली, आणि १९३९ मध्ये ब्रिटनने ३ सप्टेंबरला युद्ध पुकारल्यावर कॅनडाने आपली संसद बोलावून, चर्चा करून, १० सप्टेंबरला स्वतंत्रपणे पुकारले. निकाल काय लागणार हे सर्वांना ठाऊक असूनही मुद्दाम घेतलेला तो एक आठवडा, हा या देशाच्या स्वभावाचा जितका चांगला नमुना आहे तितका दुसरा मला सापडलेला नाही.

आता विद्यापीठेच का, याविषयी. इतरत्र मोठ्या परराष्ट्रविषयक घोषणा संसदेत होतात आणि विद्यापीठांत त्यांच्यावर नंतर टीकाटिप्पणी होते. कॅनडाच्या बाबतीत मात्र मूळ घटनाच अनेकदा विद्यापीठाच्या व्यासपीठावर घडलेली दिसते. १८ ऑगस्ट १९३८ रोजी किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात मानद पदवी स्वीकारताना अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट म्हणाले की, दुसऱ्या कोणत्याही साम्राज्याने कॅनडाच्या भूमीवर ताबा मिळवण्याची धमकी दिली, तर अमेरिकेची जनता हात बांधून उभी राहणार नाही. ऐकायला हे वाक्य आधार देणारे होते; पण ज्याला शेजारी न मागता संरक्षण देऊ करतो त्याची झोप थोडी उडतेच. पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी दोनच दिवसांनी वुडब्रिज येथे उत्तर दिले, की आपल्या भूमीवरून, समुद्रातून किंवा आकाशातून शत्रूला अमेरिकेवर चालून जाता येऊ नये, ही जबाबदारी आमची आहे. दोन वर्षांनी ऑग्डेन्सबर्ग येथे दोन्ही देशांचे कायमस्वरूपी संयुक्त संरक्षण मंडळ ठरले, त्याची पहिली वीट पदवीदानाच्या त्या समारंभात बसलेली होती.

जानेवारी १९४७ मध्ये परराष्ट्रमंत्री लुई सँ लोराँ यांनी टोरांटो विद्यापीठातील ग्रे स्मृतिव्याख्यानात कॅनडाच्या परराष्ट्र धोरणाची पाच तत्त्वे मांडली. त्यांतले पहिले तत्त्व ऐकून नवखा माणूस चकित होतो, कारण ते परदेशाबद्दल नाहीच: बाहेरच्या धोरणाने घरातली एकी मोडता कामा नये, असे ते आहे. दोन महायुद्धांत सक्तीच्या सैन्यभरतीवरून फ्रेंच आणि इंग्रजी भाषकांत पडलेला तडा आठवला, आणि बोलणारा मंत्री स्वतः फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताचा होता हे लक्षात घेतले, की या क्रमाचा अर्थ लागतो.

तिसरे व्याख्यान परक्या भूमीवरचे आहे. २ एप्रिल १९६५ रोजी फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांनी, उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक काही काळ थांबवून पाहावी, असे अतिशय मवाळ शब्दांत सुचवले. बॉम्बफेकीची ती मोहीम जेमतेम महिन्यापूर्वी सुरू झाली होती. सुएझचा पेच सोडवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांचे शांतिदल उभे करण्याची कल्पना मांडून १९५७ चा शांततेचा नोबेल मिळवलेला हा माणूस होता, आणि व्हिएतनामची आतली माहितीही त्याच्या सरकारला होती, कारण १९५४ पासून तिथल्या देखरेख आयोगात भारत अध्यक्ष आणि कॅनडा व पोलंड सदस्य होते. दुसऱ्या दिवशी कँप डेव्हिडला जेवणानंतर अध्यक्ष जॉन्सन यांनी पिअर्सन यांच्या कोटाची कॉलर धरली आणि माझ्या घरात येऊन माझ्याच गालिच्यावर घाण केलीस, अशा अर्थाचे शब्द वापरले, असे सांगितले जाते. मूळ शब्द येथे छापण्याजोगे नाहीत. ही गोष्ट मी किमान सहा वक्त्यांकडून ऐकली आहे, आणि प्रत्येकाच्या तोंडी कॉलर थोडी अधिक घट्ट धरलेली असते.

विद्यापीठांत या विषयावर भरणाऱ्या परिषदांची खरी मजा येथेच आहे. वीस वीस मिनिटांचे तीन निबंध, 'पाच मिनिटे उरली' अशी चिठ्ठी धरून बसलेले सत्राध्यक्ष, बाहेर मोठ्या किटलीतली पाणचट कॉफी, आणि मग प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून उठणारे एखादे पांढऱ्या केसांचे निवृत्त मुत्सद्दी: "मी त्या खोलीत होतो." सभागृह गप्प होते. तरुण संशोधिका नम्रपणे म्हणते, "पण सर, त्या दिवशी तुम्ही स्वतः लिहिलेले टिपण वेगळे सांगते," आणि पडद्यावर ते पान लावते. भाषण आणि फाइल यांच्यामधले अंतर डोळ्यांसमोर असे मोजले जाताना पाहणे, हे ज्याने आयुष्यभर मापे घेतली त्याला व्यसनासारखे लागते.

फाइल नेहमी पूर्ण मिळते असे नाही. कॅनडाचा माहिती अधिकाराचा कायदा १९८३ पासून अमलात आहे, आपल्याकडचा २००५ मध्ये आला. पण पाच डॉलर भरून अर्ज केल्यावर हाती येणाऱ्या पानांवर मजकुराच्या जागी अनेकदा कोरे चौकोन असतात आणि कोपऱ्यात कलमाचा आकडा. १३(१) म्हणजे दुसऱ्या सरकारने विश्वासाने सांगितलेले. १५(१) म्हणजे परराष्ट्र संबंध आणि संरक्षण. पन्नास वर्षांपूर्वीच्या कागदावरही हे चौकोन भेटतात, आणि त्यावरून चिडलेले इतिहासकार हे प्रत्येक परिषदेचे ठरलेले दृश्य आहे.

विषयाची चौकटही आता रुंदावली आहे. १९१४ मध्ये 'कोमागाता मारू' जहाजातून व्हँकुव्हरला आलेल्या ३७६ भारतीय प्रवाशांपैकी बहुतेकांना, मूळ देशातून थेट अखंड प्रवास केला नाही या १९०८ च्या नियमावर बोट ठेवून, दोन महिन्यांनी परत पाठवले गेले. ते सारे कॅनडावासीयांइतकेच ब्रिटिश प्रजाजन होते. हा प्रसंग एकेकाळी फक्त स्थलांतराच्या इतिहासात मोडत असे. आता तो परराष्ट्र संबंधांच्या सत्रांत येतो, आणि माझ्या मते तो तिथेच आधीपासून हवा होता.

राहता राहिले माझे स्वतःचे देणेघेणे. माझे बालपण अणुशक्तिनगरात गेले. बाबा ट्रॉम्बेच्या 'सायरस' अणुभट्टीवर पाळीने काम करत. त्या नावात कॅनडा आहे, भारत आहे आणि जड पाणी पुरवणारी अमेरिकाही आहे. कॅनडाच्या चॉक रिव्हर येथील अणुभट्टीच्या नमुन्यावरून, राष्ट्रकुल देशांच्या मदतीच्या कोलंबो योजनेखाली ती बांधली गेली. करार १९५६ चा, आणि १९६० मध्ये ती सुरू झाली. घरी परतणाऱ्या एका कॅनेडियन इंजिनिअरने बाबांना तांबड्या लोकरीची कानटोपी भेट दिली होती. मुंबईच्या घामात तिचा उपयोग शून्य. ती खिळ्याला टांगलेली असे आणि फक्त महाबळेश्वरला जाताना खाली उतरे.

मे १९७४ मध्ये, माझ्या शाळेच्या सुट्टीत, पोखरणची बातमी रेडिओवर आली. त्या स्फोटातले प्लुटोनियम सायरसचे होते. कॅनडाने अणुसहकार्य लगेच थांबवले आणि १९७६ मध्ये पूर्णपणे संपवले. राजस्थानची दुसरी अणुभट्टी मग आपल्याच लोकांनी पूर्ण केली. बाबा स्फोटाविषयी फारसे बोलले नाहीत. पुढे कितीतरी वर्षे, टोपीकडे पाहून, ते एवढेच विचारत: "त्यांना आधी ठाऊक होते की नव्हते?"

याचे उत्तर मला एका परिषदेत मिळाले. १९५६ च्या करारात अट 'शांततामय उपयोगासाठी' एवढ्याच शब्दांची होती, बाहेरच्या तपासनिसांची तरतूद नव्हती. शांततामय स्फोटही असू शकतो, अशी वाट त्या शब्दांतून निघते हे कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, ओळखले गेले होते. १९७१ च्या ऑक्टोबरात पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी इंदिरा गांधींना पत्र लिहून स्पष्ट सांगितले, की कॅनडाने दिलेल्या सामग्रीचा स्फोटासाठी वापर झाला तर सहकार्याचा फेरविचार करावा लागेल. उत्तर आले, की काल्पनिक शक्यतेवरून करारांचा विशिष्ट अर्थ आताच लावण्याची आवश्यकता नाही. ही दोन पत्रे मी पडद्यावर एकाखाली एक वाचली, तेव्हा कडेच्या खुर्चीत बसून मी बाबांसाठी ती शब्दशः उतरवून घेतली.

रात्री मुलुंडला फोन लावला. बाबांनी शांतपणे ऐकले, साल पुन्हा विचारून घेतले आणि म्हणाले, "एकाहत्तर? मग चौऱ्याहत्तरपर्यंत त्यांनी काय केले?"

पुढच्या वर्षीच्या परिषदेत मी हात वर करून हाच प्रश्न विचारला. संशोधिकेने उत्तर देण्याऐवजी संगणकावर चार पाने पुढे सरकवली आणि एका पानावर थांबली. वर तारीख होती, खाली सहीची जागा होती, आणि मधे पानभर पांढरा चौकोन, कोपऱ्यात १५(१).