शून्याच्या वरचे रकाने

"यात काही निघणार नाही मॅडम, आधीच सांगतो. निल आहे." डबी माझ्या हातात देताना तो इतक्या सरावल्यासारखं बोलला, की हे वाक्य त्याने याआधीही बऱ्याच ठिकाणी म्हटलं असणार.

मी वंध्यत्व उपचार केंद्राच्या लॅबमध्ये काम करते. वीर्यतपासणी हे रोजचं काम, त्यामुळे लाजणं, टाळणं, उगाच विनोद करणं हे सगळं बघून झालंय. मी नेहमीचे प्रश्न विचारले. आधीच्या वीर्यस्खलनानंतर किती दिवसांचा खंड आहे? तीन. म्हणजे ठीक, दोन ते सात दिवस चालतात. सगळं डबीत आलं ना, थोडं बाहेर सांडलं नाही ना? हा प्रश्न पुरुषांना अजिबात आवडत नाही, पण विचारावाच लागतो. सॅम्पल कमी भरलं तर ते मुळात कमी होतं की सांडलं, हे नंतर कळायला मार्ग नसतो. "सगळं आलंय. इतकंच येतं नेहमी," तो म्हणाला.

बाहेर त्याची बायको फाईल मांडीवर घेऊन बसली होती. ती फाईल मी आधीच चाळली होती. तिच्या गर्भनलिकांचा एक्स-रे, दुर्बिणीतून केलेली पोटाची तपासणी, महिनोन्‌महिने बीजांड वाढतंय का हे बघणाऱ्या सोनोग्राफी, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या हार्मोनच्या चाचण्या. सगळं नॉर्मल. त्याच्या नावाचा एकच कागद, तोही या सगळ्यानंतरचा. त्यावर "शुक्राणू निल" एवढंच होतं. बाकीचे रकाने कोरे. तेवढ्या कागदावर त्याला वर्षभर गोळ्या दिल्या गेल्या आणि शेवटी डोनरचं वीर्य घ्या असा सल्ला मिळाला. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतंच. तरी एका डबीत होणारी तपासणी शेवटी आणि पोटाला भोक पाडून होणारी आधी, हा क्रम अजूनही सर्रास दिसतो. मला त्याचा राग येतो, आणि तो लपवायची गरज वाटत नाही.

तर सॅम्पल. आम्ही रिकाम्या डबीचं वजन आधीच करून ठेवतो, नंतर भरलेलीचं करतो. फरक आला अर्धा ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा मिलिलिटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणी पुस्तिकेच्या 2021 च्या आवृत्तीत खालची मर्यादा 1.4 मिलिलिटर दिली आहे. डबी तिरकी केली तर आतला द्रव पाण्यासारखा सरकला. ताजं वीर्य आधी जेलीसारखं घट्ट होतं आणि अर्ध्या-एक तासात पातळ होतं. हे घट्ट झालंच नव्हतं. आम्लता मोजणारी पीएचची पट्टी बुडवली तर साडेसहाच्या आसपास. एरवी तो 7.2 च्या वर असतो.

इथे मी मायक्रोस्कोप बाजूला ठेवला. वीर्याचा बहुतांश भाग म्हणजे शुक्राणू नव्हेतच, ते फार तर काही टक्के. जवळपास दोन तृतीयांश द्रव शुक्राशयांतून, म्हणजे प्रोस्टेटजवळच्या दोन ग्रंथींतून येतो. तो अल्कधर्मी असतो, त्यात फ्रुक्टोज ही साखर असते आणि वीर्य घट्ट करणारी प्रथिनंही त्यातच. उरलेला बराचसा प्रोस्टेटचा, किंचित आम्लधर्मी. म्हणूनच नसबंदी झालेल्या माणसाचं वीर्य दिसायला पूर्वीसारखंच असतं, फक्त शुक्राणू नसतात. समोरच्या डबीत मात्र शुक्राशयांचंच काही नव्हतं. जे होतं ते जवळजवळ सगळं प्रोस्टेटचं.

खात्रीसाठी फ्रुक्टोजची चाचणी लावली. रिसॉर्सिनॉलचं द्रावण दोन नळ्यांत घेतलं. एकीत दुसऱ्या कुणाच्या नॉर्मल सॅम्पलचे थेंब, दुसरीत याचे. दोन्ही उकळत्या पाण्यात ठेवल्या. थोड्या वेळात पहिली नारिंगी होत होत लालसर झाली. दुसरी जशीच्या तशी, पाण्यासारखी. मग नियमाप्रमाणे उरलेलं सॅम्पल सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ स्लाइडवर घेतला आणि कोपरा न कोपरा बघितला. एकही शुक्राणू नाही. निल तर होतंच, पण आता त्या निलला कारण होतं.

रिपोर्ट घेऊन मी आमच्या डॉक्टर सरांकडे गेले. "दोन शक्यता," ते म्हणाले. "एक तर वीर्य बाहेर आणणाऱ्या नळ्यांचं तोंड आत बंद आहे, नाहीतर वृषणांकडून शुक्राणू पुढे आणणाऱ्या शुक्रवाहिन्या जन्मापासूनच नाहीत." हा फरक लॅबला सांगता येत नाही. तो बोटांनी कळतो. अंडकोशाच्या पिशवीत चिमटीत धरली तर शुक्रवाहिनी बुटाच्या कडक नाडीसारखी हाताला लागते. सरांनी पडद्याआड तपासलं आणि दोन मिनिटांत बाहेर येऊन मला म्हणाले, "दोन्हीकडे नाहीत." याआधी त्याला हात लावून कुणी तपासलंच नव्हतं. वृषणांचा आकार व्यवस्थित, शुक्राणू बनवायला लावणारं एफएसएच हे हार्मोन नॉर्मल. म्हणजे कारखाना चालू, रस्ताच बांधलेला नाही.

त्याला हे सांगितल्यावर तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, "मग तयार झालेले जातात कुठे?" कुठेच नाही. आतच मरतात आणि शरीर ते शोषून घेतं.

पुढच्या तपासण्या मात्र सोप्या नव्हत्या समजावून सांगायला. शुक्रवाहिन्या नसण्यामागे बऱ्याचदा सीएफटीआर या जनुकातला बदल असतो, आणि त्याच जनुकामुळे सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा आणि स्वादुपिंडाचा गंभीर आजार होतो. त्याला लहानपणापासून सायनसचा त्रास होता, हे तेव्हा विचारल्यावर निघालं. तो स्वतः धडधाकट असला तरी बायकोतही तसाच बदल निघाला असता, तर बाळाला तो आजार व्हायचा धोका बराच वाढला असता. म्हणून रक्त दोघांचं घेतलं. शिवाय अशा काहींना एक किडनी जन्मतः नसते, म्हणून त्याची सोनोग्राफीही केली. किडन्या दोन्ही होत्या. त्याच्यात बदल सापडला, तिच्यात नाही.

मग सुई घालायचा दिवस ठरला. भूल फक्त त्या जागेपुरती. सरांनी वृषणाला चिकटलेल्या अधिवृषणातून बारीक सुईने द्रव ओढला आणि तो थेंब ऑपरेशन थिएटरच्या खिडकीतून माझ्याकडे आला. पहिल्या थेंबात बहुतेक सगळे मेलेले, तुटलेल्या शेपट्या. मी आतून ओरडले, "अजून वृषणाच्या जवळ घ्या." रस्ता बंद असला की पुढे साचलेले जुने असतात आणि चांगले हलणारे मागे, उगमाजवळ सापडतात. दुसऱ्या थेंबात एक शेपटी सावकाश वळवळली, मग तिच्या बाजूला आणखी, आणि फोकस फिरवत गेले तशी भरपूर. एका बीजांडाला एकच शुक्राणू टोचायचा असतो. 1992 पासून त्या पद्धतीने बाळं जन्मत आहेत. गोठवून ठेवण्याइतके सहज मिळाले.

संध्याकाळी दोघांना बसवून पुढचं सांगितलं. बायकोने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे इंजेक्शनं परत मलाच ना?"

"हो," मी म्हटलं. "साधारण दहा-बारा दिवस, मग बीजांडं काढायची. तेव्हा भूल देतात."

"पाळी पंचवीस तारखेच्या आसपास येईल," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "यावेळी सोनोग्राफीला प्रत्येक वेळी तू सोबत येणार आहेस. रजा आत्ताच टाकून ठेव."

त्याने तिथेच फोन काढून रजेचा अर्ज लिहायला घेतला.