दोन, दोन, दोन, दोन

१ जुलै २०२५. मंगळवार. त्या दिवशी लंडनमध्ये पारा ३४ अंशांच्या वर गेला होता. आमच्याकडे उत्तरेत उकाडा थोडा कमी, पण आमचं ऑफिस गिरण्यांच्या काळातल्या दगडी इमारतीत आहे आणि तिच्या खिडक्या वर्षानुवर्षं उघडलेल्या नाहीत. मी मूळची इचलकरंजीची. या गावात आले तेव्हा बंद गिरण्यांच्या भिंती बघून मला परकं वाटलंच नाही. सत्ताधारी लेबर पक्षाच्या एका खासदाराच्या मतदारसंघ कार्यालयात मी काम करते. इथे खासदारालाही पहिल्या नावानेच हाक मारतात, पण या लेखात मी त्यांना खासदारच म्हणणार आहे.

माझं काम केसवर्कचं. घर, व्हिसा, भत्ते, थकलेली पेन्शन अशा लोकांच्या अडचणी ऐकायच्या, लेखी संमती घ्यायची, संबंधित खात्याला पत्र पाठवायचं आणि उत्तर येईपर्यंत मागे लागायचं. आमचे पगार संसदेच्या पैशातून होतात, म्हणून पक्षाचं काम या टेबलावर करायचं नाही असा नियम आहे. पक्षातलं बंड, व्हीपचे (पक्षाचा आदेश पाळायला लावणाऱ्यांचे) फोन, नेत्याचं काय होणार ही कुजबुज, यातलं काही माझ्यापर्यंत यायला नको. पण त्या जून महिन्यात ते रोज येत होतं, आणि येत होतं ते समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसांमधून.

सरकारने अपंगत्व भत्त्याचं विधेयक आणलं होतं. पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, ज्याला सगळे पिप म्हणतात, तो भत्ता गुणांवर मिळतो. दैनंदिन जगण्याच्या भागात दहा कामं आहेत. स्वयंपाक, खाणं, औषधोपचार, आंघोळ, शौच, कपडे घालणं, बोलणं, वाचणं, माणसांत मिसळणं, पैशाचे निर्णय. प्रत्येक कामाला किती अडचण तेवढे गुण. बेरीज ८ झाली की २०२५ मध्ये आठवड्याला ७३.९० पौंड मिळत. विधेयकाच्या पाचव्या कलमात नवी अट होती. बेरीज ८ असून भागणार नाही, निदान एका कामात ४ गुण हवेत.

आता हे ४ म्हणजे काय ते बघा. कंबरेखालचं अंग किंवा केस धुवायला दुसऱ्याची मदत लागत असेल तर २ गुण. खांदे ते कंबर एवढा भाग धुवायला मदत लागत असेल तर ४. कपड्यांचंही तसंच, कमरेखालचे चढवायला मदत लागली तर २, वरचे चढवायला लागली तर ४. वाकता न येणाऱ्या माणसाला दोनच गुण आणि हात वर उचलता न येणाऱ्याला चार. हा तक्ता मला तोंडपाठ आहे आणि तो कोणालाही समजावता येतो याचा मला अभिमान आहे. पण ज्यांनी या तक्त्यावरून पाच अब्ज पौंड वाचवायचं गणित मांडलं, त्यांच्यातल्या किती जणांनी तो ओळीओळीने वाचला होता याची मला तेव्हाही शंका होती, आजही आहे.

मे महिन्यात शुक्रवारच्या सर्जरीला एक बाई आल्या होत्या. खासदार लोकांना भेटतात त्या बैठकीला इथे सर्जरी म्हणतात. पन्नाशी उलटलेली, आयुष्य बेकरीत गेलेलं, आता संधिवाताने बोटं वाकडी झालेली. त्यांनी पर्समधून एक लाकडी मुठीची तार काढली. तिच्या टोकाला वळवलेलं कडं होतं. ते काजातून आत घालायचं, बटण त्यात अडकवायचं आणि ओढून घ्यायचं. माझ्यासमोर त्यांनी स्वेटरचं एक बटण लावून दाखवलं. कडं दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा बसलं. मी घड्याळ बघितलं नव्हतं, पण माझा चहा तेवढ्यात कोमट झाला होता. साधन वापरून काम जमतं म्हणून त्यांना कपड्यांचे २ गुण. स्वयंपाकाला तसेच २, आंघोळीला २, शौचाला २. एकूण ८. नव्या अटीत शून्य पौंड.

त्यांचा कागद मी खासदारांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवला. अशा दोन-दोन-दोन-दोनच्या केसेस मी वेगळ्या काढल्या आणि नावं खोडून त्यांचं एक पान केलं. ते पान घेऊन खासदार लंडनला गेले. लेबरच्याच खासदार मेग हिलियर यांची विधेयक अडवणारी दुरुस्ती आली आणि काही दिवसांत १२० हून अधिक लेबर खासदारांच्या सह्या तिच्यावर झाल्या, त्यात आमच्या खासदारांचीही होती. लेबरच्याच विकी फॉक्सक्रॉफ्ट यांनी तर त्याआधीच व्हीपचं पद सोडलं होतं. वर्तमानपत्रांत रोज एकच चर्चा चालू होती, वर्षापूर्वी एवढं मोठं बहुमत मिळवलेल्या पंतप्रधान स्टार्मर यांचा पक्षावरचा ताबा सुटला का? मला ते वाचून राग यायचा. माणसं अट समजून घ्यायच्या ऐवजी आकडे मोजत होती.

माझा भाऊ इचलकरंजीहून फोनवर विचारायचा, ‘किती आमदार फुटले?’ २०२२ मधलं सुरत-गुवाहाटी त्याच्या डोळ्यांसमोर. त्याला सांगावं लागलं की इथे पक्षांतरबंदी कायदा नाही. व्हीप मोडला तरी खासदारकी जात नाही. पक्ष फार तर त्याला संसदीय गटातून बाहेर काढतो. जुलै २०२४ मध्ये दोन मुलांच्या भत्त्याच्या मर्यादेवरून सात जणांना असंच काढलं होतं. म्हणजे जागा राहते, पण पुढच्या निवडणुकीचं तिकीट, समितीतली जागा, मंत्रिपदाची आशा सगळं टांगणीला लागतं. ही भीती लहान नसते. शुक्रवारी फोन आला की आमचे खासदार इमारतीमागच्या कचऱ्याच्या डब्यांपाशी जाऊन उभे राहायचे आणि परत आल्यावर दहा मिनिटं कोणाशी बोलायचे नाहीत.

२७ जूनला सरकारने एक पाऊल मागे घेतलं. आधीपासून भत्ता घेणाऱ्यांना हात लावणार नाही, अट नोव्हेंबर २०२६ पासूनच्या नव्या अर्जदारांनाच. बाईंचा लगेच फोन आला. ‘मी सुटले, पण माझ्या मुलीचं काय?’ मुलगी २६ वर्षांची, तोच आजार, नुकता सुरू झालेला. एकाच घरात, एकाच दुखण्याला दोन नियम. मी ती ओळ जशीच्या तशी खासदारांना पाठवली. मंगळवारी सकाळी त्यांचं उत्तर आलं, ‘विरोधात देतोय. पत्र तयार ठेव.’

मतदारांना पाठवायचं ते पत्र मी तयार केलं. आणि दुपारी बाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना सांगितलं, ‘आपले खासदार विरोधात मत देणार आहेत.’ सांगायला नको होतं. मत खासदारांचं, ते पडण्याआधी सांगण्याचा अधिकार माझा नाही. इतक्या वर्षांत मी ही चूक कधी केली नव्हती.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, मतदानाला साधारण दीड तास उरला असताना, मंत्री स्टीफन टिम्स दुसऱ्याच्या भाषणात मध्येच उठले आणि म्हणाले की पाचवं कलम काढून टाकू. त्यांच्याच देखरेखीखाली भत्त्याचा आढावा होईल आणि बदल त्यानंतर. सभागृहात सदस्य विचारत होते की मग आम्ही मत नक्की कशावर देतोय? ऑफिसात आम्ही तिघं स्क्रीनपुढे उभे होतो. आमच्यातल्या तरुण सहकाऱ्याने टाळी वाजवली. मला आनंद झालाच, मी खोटं बोलणार नाही. पण राग जास्त होता. जे मार्चमध्ये ऐकता आलं असतं ते मतदानाला दीड तास उरल्यावर ऐकलं, आणि मधले महिने ही माणसं झोपली नव्हती.

सहाच्या सुमारास खासदारांचा मेसेज आला, ‘पत्र थांबव.’ मग घंटा वाजली, आठ मिनिटं, दारं बंद. लेबरच्याच रेचल मॅस्केल यांची विधेयक अडवणारी दुरुस्ती ३२८ विरुद्ध १४९ मतांनी पडली. विधेयक ३३५ विरुद्ध २६० ने पुढे गेलं. लेबरच्या ४९ जणांनी विरोधात मत दिलं. त्यात आमचे खासदार नव्हते.

बाईंचा फोन आठच्या आसपास आला. ऑफिस बंद झालं होतं, मी अजून तिथेच होते. त्या रडत होत्या. मुलगी शेजारी होती, तिचाही आवाज येत होता. ‘तुमच्या साहेबांना सांगा, त्यांनी आमच्यासाठी विरोधात मत दिलं, आम्ही विसरणार नाही.’

मी म्हटलं, ‘सांगते.’

एवढंच बोलले. मत बाजूने पडलं होतं हे सांगितलं नाही. आणि त्याहून मोठं जे सांगायला हवं होतं तेही नाही. पाचवं कलम गेलं, पण विधेयकातली दुसरी कात्री तशीच होती. युनिव्हर्सल क्रेडिट म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारा सरकारी भत्ता. त्यात काम करू न शकणाऱ्या आजारी माणसाला जी वाढीव रक्कम मिळते, ती एप्रिल २०२६ पासूनच्या बहुतेक नव्या अर्जदारांना आठवड्याला ९७ ऐवजी सुमारे ५० पौंड. त्यांच्या मुलीला नोकरी सोडावी लागली तर तिला हीच रक्कम लागू होणार. सगळ्यांचं लक्ष पिपवर होतं. माझंही. माझ्या पानावर चार दोन लिहिलेले होते, हा आकडा त्यावर कुठेच नव्हता. ते पान मी चांगलं केलं होतं म्हणूनच खासदारांना वाटलं का, की कलम गेलं म्हणजे काम झालं? हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, ‘जे मागितलं ते मिळालं, मग सरकार पाडून काय मिळवायचं होतं?’ यात तथ्य आहे. सही केली नसती तर हे कलम राहिलंच असतं. पण ४९ जण ज्या मतावर टिकले, त्याचं कारण ते सगळं विधेयक बघत होते.

गुरुवारी मी बाईंना फोन केला. खासदारांनी मत कुठे दिलं ते आधी सांगितलं, मग ९७ आणि ५०. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘थांबा हं, लिहून घेते.’ आणि मग पलीकडून मुलीला हाक मारल्याचं ऐकू आलं, कारण पेन त्यांना धरता येत नाही.