रघुबीर सिंग यांचे रंग कुठून आले?

छायाचित्रकाराची शैली कशी घडते याविषयी बोलायचे झाले, की माझ्यासमोर सर्वप्रथम रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांचे काम येते. कोणाकडून काय घेतले आणि काय नाकारले, हे त्यांच्या चित्रांत जितके स्वच्छ दिसते तितके अन्य भारतीय छायाचित्रकारांच्या कामात मला क्वचितच दिसले आहे. त्यांचा जन्म जयपूरचा. घरातल्या पुस्तकांत त्यांना फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेले जयपूरवरील पुस्तक सापडले आणि छायाचित्रणाची ओढ तिथून लागली. पुढे १९६६ मध्ये ब्रेसाँ पुन्हा जयपूरला आले, तेव्हा हातात लहानसा कॅमेरा घेऊन गर्दीत वावरणाऱ्या या माणसाचे काम त्यांना प्रत्यक्ष पाहता आले.

ब्रेसाँ यांची नजरही काही आभाळातून पडलेली नव्हती. १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये आंद्रे लोत या चित्रकाराकडे ते चित्रकला शिकले होते आणि चौकटीतील भूमितीविषयीचा त्यांचा आग्रह तिथला आहे. छायाचित्रकार मार्टिन मुंकाची यांच्या एका छायाचित्राने, ज्यात तीन मुले टांगानिका सरोवराच्या लाटांकडे धावत आहेत, त्यांना कॅमेऱ्याची ताकद दाखवून दिली. म्हणजे सिंग यांच्यापर्यंत पोहोचलेली चौकट आधीच चित्रकाराच्या स्टुडिओतून आलेली होती. बनारसच्या पुरात गंगेत सूर मारणाऱ्या माणसाचे १९८५ सालचे सिंग यांचे छायाचित्र पाहावे. माणूस हवेत असतानाचा नेमका क्षण पकडण्याची ही रीत उघडपणे ब्रेसाँ यांची आहे.

एक गोष्ट मात्र सिंग यांनी घेतली नाही, ती म्हणजे काळा-पांढरा. ब्रेसाँ यांना रंगीत छायाचित्रणाविषयी फारसा आदर नव्हता, आणि १९६० व ७०च्या दशकांत कलादालनांतही रंगाला जाहिरातीचे आणि नियतकालिकांचे माध्यम म्हणूनच ओळखले जात असे. अशा काळात सिंग यांनी सुरुवातीपासून रंगच धरला, आणि त्यासाठी त्यांनी आधार शोधला तो राजपूत व मुघल लघुचित्रांत. वसाहतीच्या काळापूर्वी भारतीय चित्रकार रंगाशिवाय जग पाहतच नव्हता, तेव्हा भारतीय छायाचित्रकाराने पाश्चात्त्यांचा कृष्णधवल विषाद उसना का घ्यावा, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. हे विवेचन त्यांनी १९९८च्या आपल्या निवडक छायाचित्रांच्या पुस्तकात सविस्तर केले आहे. मला त्यांचा हा सिद्धान्त ओढूनताणून आणलेला वाटतो, कारण सुनील जाना आणि होमाई व्यारावाला या भारतीय छायाचित्रकारांच्या कृष्णधवल चित्रांत भारतीयपणाची कोणतीही उणीव मला जाणवत नाही. पण कलावंताचा सिद्धान्त बरोबर असलाच पाहिजे असे नाही. तो त्याला कामाला लावत असला तरी पुरे.

आणि सिंग यांना त्याने खरोखरच कामाला लावले. लघुचित्रांकडून त्यांनी केवळ भडक रंग उचलले असते, तर त्यांची चित्रे पर्यटन खात्याच्या दिनदर्शिकेवर शोभली असती. त्यांनी उचलली ती मांडणी. लघुचित्रात नजर एकाच बिंदूकडे खेचली जात नाही. वरच्या गच्चीत एक प्रसंग, खालच्या अंगणात दुसरा, कोपऱ्यात तिसराच कोणी आपल्या कामात, आणि या सगळ्यांना सारखाच मान. हावड्याच्या पदपथावरील आरशांच्या दुकानाचे त्यांचे १९९१ सालचे छायाचित्र नेमके असेच आहे. मांडून ठेवलेल्या आरशांत रस्त्याचे वेगवेगळे तुकडे उमटले आहेत आणि प्रत्येक आरसा स्वतंत्र घर असल्याप्रमाणे आपापला प्रसंग सांभाळतो. पाहणाऱ्याला प्रथम कुठे पाहावे हे ठरवता येत नाही, आणि ते ठरवावे अशी चित्राची अपेक्षाही नाही.

याउलट, मुंगेरचे १९६७ सालचे पावसातील छायाचित्र जवळजवळ रंगहीन म्हणावे इतके संयत आहे. चार स्त्रिया एकमेकींना बिलगून उभ्या आहेत, भिजलेली वस्त्रे अंगाला चिकटली आहेत, आणि त्या चौघींचा मिळून एखाद्या शिल्पासारखा एकच आकार झाला आहे. पावसाळा हा लघुचित्रकारांचा आवडता ऋतू, बारामासाच्या, म्हणजे वर्षाच्या बारा महिन्यांच्या, चित्रमालिकांत हटकून येणारा; इथे त्याच ऋतूची दुसरी, अलंकार उतरवलेली बाजू दिसते.

सिंग वापरत ती कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म स्वभावाने हट्टी होती. तिची प्रकाशसंवेदनशीलता कमी, प्रकाशमापनात जरा चूक झाली की पारदर्शिका वाया, आणि ती धुण्याची सोय मोजक्याच प्रयोगशाळांत. कृष्णधवल काम करणाऱ्याला डार्करूममध्ये बरेच सावरून घेता येते, तशी सवलत इथे नव्हती. जे ठरवायचे ते बटण दाबतानाच. मला वाटते, त्यांच्या चित्रांतील रंगांची शिस्त थोडीफार या फिल्मनेही लावली असावी.

नंतरच्या काळात अमेरिकेतील छायाचित्रकार ली फ्रीडलँडर यांच्याशी त्यांची मैत्री झाली आणि चौकटीत काचा, प्रतिबिंबे, खांब, आडवे येणारे अडथळे यांची वर्दळ वाढली. मुंबईवरील त्यांच्या पुस्तकात (१९९४) हे ठळकपणे जाणवते. केम्प्स कॉर्नर, झवेरी बाजार अशा ठिकाणी दुकानाच्या आतले आणि बाहेरचे जग काचेमुळे एकमेकांत मिसळते. ॲम्बॅसडर गाडीच्या खिडक्या-दारांतून टिपलेल्या मालिकेत तर गाडीच कप्पे पाडण्याचे काम करते. फ्रीडलँडर यांच्या कृष्णधवल अमेरिकेतून आलेली ही युक्ती सिंग यांच्या हाती आल्यावर पुन्हा लघुचित्रातल्या महिरपींच्या जवळ जाते, आणि हे मला फार विलक्षण वाटते.

रघुबीर सिंग यांचे प्रोत्साहन ज्यांना लाभले त्यांत मुंबईच्या छायाचित्रकार केतकी शेठ आहेत. गुरुस्थानी असलेल्या माणसाने रंगाचा इतका आग्रह धरलेला असूनही मुंबईच्या रस्त्यांवरील शेठ यांची छायाचित्रे कृष्णधवलच राहिली. त्या रंगाकडे वळल्या त्या बऱ्याच उशिरा, देशातील जुन्या फोटो स्टुडिओंवरच्या मालिकेसाठी, जिथे ग्राहकाच्या पाठीमागचा पडदाच मुळी रंगवलेला असतो.