लंडनमधलं 'ये ओल्ड माइटर': शनिवारी जाऊ नका

आधीच सांगतो, शनिवार-रविवार धरून जाऊ नका. मी शनिवारी मावसभावाला पार क्रॉयडनहून ओढत आणलं आणि दाराला कुलूप. मुळात हा ऑफिसवाल्यांचा पब, सोमवार ते शुक्रवार चालणारा, आधी बघायला हवं होतं, चूक माझीच. मग मंगळवारी एकटाच गेलो.

चान्सरी लेन किंवा फॅरिंगडनला उतरा, तिथून पाच-दहा मिनिटं. हॅटन गार्डन म्हणजे लंडनचा झवेरी बाजारच, नुसती हिऱ्यांची दुकानं, आणि त्यातल्याच दोन दुकानांच्या मधून बोळ आत जातो. मी दोनदा पुढे निघून गेलो. समोरून कुणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागतं एवढीशी जागा, मॅपपेक्षा वरची पाटी शोधा.

पाटीवर १५४६ लिहिलंय. तेव्हा इथे ईली शहराच्या बिशपचा वाडा होता आणि त्याच्या नोकरचाकरांसाठी हा पब काढला. माइटर म्हणजे बिशपची ती उंच टोकदार टोपी, दगडात कोरलेली एक भिंतीत बसवलीय बघा. पण आत्ताची इमारत अठराव्या शतकातली, आणि आतलं काळपट लाकूडकाम, जे बघून आपण 'अहाहा काय जुनं' म्हणतो, ते १९३० च्या आसपासचं! मला आधी जरा फसल्यासारखं वाटलं, पण मग पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात काचेमागे चेरीचं खोड दिसलं. बिशपची बाग आणि राणीचा लाडका दरबारी सर ख्रिस्तोफर हॅटन याला दिलेली जमीन यांच्या हद्दीवरचं हे झाड, आणि पहिली एलिझाबेथ राणी हॅटनबरोबर याच्याभोवती नाचली म्हणे. मंगळागौरच की! दंतकथा असेल, पण आख्खा पब त्या खोडाला खेटून उभाय हे बघून मजा वाटते. हॅटनचं भाडं तर अजून भारी, वर्षाला १० पाउंड, १० गाड्या गवत आणि एक लाल गुलाब.

खोल्या अगदी छोट्या, त्यातल्या एकीचं नावच 'क्लोजेट', पाच-सहा जण बसले की संपलं. टीव्ही नाही, गाणी नाहीत. पाचनंतर ऑफिसं सुटली की उभं राहायलाही जागा मिळत नाही, म्हणून तीनच्या सुमाराला जा. टेबलावर बसून वाट बघू नका, कुणी विचारायला येत नाही, काउंटरवर जाऊन सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. एल, म्हणजे इथली पारंपरिक बिअर, आपल्या बिअरसारखी थंडगार नसते, आधी हाफ पाइंट घेऊन बघा. जेवण नाही, टोस्टी (भाजलेलं सँडविच) वगैरे. शाकाहारींनी चीज टोस्टी घ्यावी, आणि स्कॉच एगच्या नावावर जाऊ नका, अंड्याभोवती सहसा डुकराचं मटण असतं.

बोळाच्या दुसऱ्या टोकाने ईली प्लेसला बाहेर पडा. तिथलं सेंट एथेलड्रेडा चर्च खरंच तेराव्या शतकातलं आहे, लाकूडकामावर माझ्यासारखे खट्टू झालात तर तिथे दहा मिनिटं बसून या.